समता कॉलोनीतली हिरवी बुरशी

नीलूकडे रायपूरला जायचं जायचं म्हणत बावीस वर्षं गेली. नीलू माझी धाकटी बहीण. लग्न होऊन ती तिकडे गेली तेव्हा आमच्या कोरेगावात फार कुणाला ते शहर नकाशावर दाखवता आलं नसतं. नागपूरच्या पलीकडे कुठंतरी, एवढंच. दर दिवाळीला तीच यायची. मी एका शेतकी कॉलेजात, पिकांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होतो. बुरश्यांना रजा नसते, तेव्हा मलाही नाही, हे कारण मला इतकी वर्षं पुरलं. गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि कारण संपलं. घरात बसवेना. शेवटी बायको म्हणाली, "कुठंतरी जाऊन या. दिवसभर ह्या खोलीतून त्या खोलीत फिरता, मलाच चक्कर येते."

डिसेंबरात निघालो. सामानात कंदी पेढे, आमच्याकडचा वाघ्या घेवडा आणि ट्रायकोडर्माची किलोकिलोची दोन पाकिटं.

ट्रायकोडर्मा ही एक हिरवी बुरशी. ती मातीत राहते आणि पिकांची मुळं कुजवणाऱ्या दुसऱ्या बुरश्यांवर वाढून त्यांना संपवते. आमच्या भागात आल्याचे गड्डे कुजायला लागले की शेतकरी ती शेणखतात मिसळून टाकतात. मी घरीच ती वाढवतो, भुकटी करतो आणि ओळखीच्यांना देतो. लोक मला 'बुरशीवाले' म्हणतात आणि मला ते आवडतं. रायपूरला ती पाकिटं नेण्याचं तसं काहीच कारण नव्हतं. पण दुसऱ्याच्या घरी जाताना आपल्या हातचं काही न्यावं, म्हणून घेतली. नीलूनं मशरूम लावायला सुरुवात केलीय हे मला ठाऊक होतं. मशरूमला ही हिरवी बुरशी म्हणजे काळ, हेही ठाऊक होतं. म्हणूनच पाकिटं दुहेरी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधली आणि बॅगेच्या तळाशी ठेवली. इतकी काळजी घेतली म्हणजे झालं, असं वाटलं.

समता कॉलोनी

नीलूचं घर समता कॉलोनीत. दवाखान्यांच्या पाट्या, औषधांची दुकानं, कोपऱ्यावर चहाची टपरी, आणि मध्येमध्ये जुनी बैठी घरं. दारात नीलूच्या सासूबाई उभ्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणतो. त्या मूळच्या अमरावतीकडच्या. यजमान रेल्वेत होते म्हणून रायपूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. मुलगा मोहनराव, म्हणजे नीलूचा नवरा, तेही रेल्वेच्याच कचेरीत आहेत.

"या भाऊ, या," मावशी म्हणाल्या. "मले तर वाटलं, तुमी आता येतच नाही. चहा घ्या, मंग आंघोळ करा. सांभारवडी करून राहिले मी."

सांभार म्हटल्यावर मी इडलीबरोबरचं सांबार मनात आणलं. ताटात आल्या त्या कोथिंबिरीच्या कुरकुरीत वड्या. मावशींकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. मी पाच खाल्ल्या.

नीलूची भाषाही बदललीय. "दादा, काय करून राहिलास तिकडे? बस ना!" असं ती म्हणाली तेव्हा क्षणभर मला ही दुसऱ्याच कुणाची बहीण वाटली. साताऱ्यातली नीलू 'काय करतोयस' म्हणायची. पण बसवत नव्हतं हे खरंच. चहा संपायच्या आत मी म्हटलं, "तुझी ती खोली दाखव."

घराच्या मागच्या अंगाला पूर्वी स्कूटर आणि नंतर अडगळ ठेवायची ती खोली होती. नीलूनं ती चुन्यानं रंगवून खिडकीला ओलं गोणपाट लावलं होतं. आत दोऱ्यांना टांगलेल्या अठरा पिशव्या. प्रत्येकीत कापलेला भाताचा पेंढा, ज्याला तिथं पैरा म्हणतात. आणि त्या पैऱ्यावर आतून दाट पांढरी साय धरावी तशी मशरूमची बुरशी पसरलेली. निरोगी, एकसारखी पांढरी. तेहतीस वर्षं काचेच्या बशीत बुरश्या पाहिलेल्या माणसालाही त्या पिशव्या पाहून बरं वाटलं.

"हे माझं आणि मीनाचं," नीलू म्हणाली.

मीना खालीच बसून पैरा कापत होती. चाळिशीची, हडकुळी, बोलायला कमी. ती ब्राह्मणपाऱ्यात राहते. पारा म्हणजे तिकडे आळी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती पंडरीच्या कापडबाजारातल्या एका दुकानासाठी ब्लाउज शिवत असे. नीलूच्या भरवशावर ते काम सोडून ती ह्यात आली होती. नीलूनं माझी ओळख करून दिली. "मीना, ये मेरे दादा. इनको बुरशी का सब मालूम है." मीनानं हात पुसून नमस्कार केला आणि त्या दिवसापासून मला 'सर' म्हणायला लागली.

संध्याकाळी मोहनराव आले. जेवताना म्हणाले, "दादा, तुम्हीच सांगा, ये चलेगा क्या? शेजारचे दातांचे डॉक्टर दोनदा विचारून गेले. त्यांना ती खोली पाहिजे. मी म्हटलं, ठंडी संपू द्या, मग बघू."

नीलू ताटात बघत होती. मी तोंडभरून सांगितलं, "पिशव्या उत्तम आहेत. आणि आता मी आहे ना."

अभनपूरच्या पुढे

दुसऱ्या दिवशी अभनपूरच्या पुढच्या एका खेड्यात पैरा आणायला निघालो. नव्या चाळीस पिशव्या भरायच्या होत्या. छोट्या टेम्पोत पुढं ड्रायव्हर आणि मी, मागं नीलू आणि मीना, आणि पैऱ्यावर झाकायला नीलूची निळी ताडपत्री. निघताना मी बॅगेतलं एक पाकीट काढून घेतलं. शेतावर जायचं आणि रिकाम्या हातानं जायचं, हे मला जमत नाही.

आमच्याकडे जमीन सतत चढते-उतरते. इथं बघावं तिकडे सपाट. भात कापून झालेला, खुंटांचे पिवळे पट्टे क्षितिजापर्यंत, आणि बांधावर एखादंच बाभळीचं झाड. मध्येच तळं, त्यात कमळाची सुकलेली पानं. डोंगर शोधायची डोळ्यांची सवय जात नव्हती.

पैरा देणारा शेतकरी जगेसर मीनाच्या माहेरच्या नात्यातला. घराशेजारी त्यानं थोडे टोमॅटो लावले होते. आम्ही पोचलो तर तो तिथंच उकिडवा बसलेला. हिरवीगार झाडं जागच्या जागी मान टाकून उभी होती. पानं पिवळी नाहीत, डाग नाहीत. "कइसे मर गे?" तो म्हणत होता. परवापर्यंत ठीक होती, कशी मेली?

मला हुरूप आला. मी काचेचा ग्लास आणि स्वच्छ पाणी मागितलं. एका झाडाचं खोड जमिनीलगत कापलं, त्याचा बोटभर तुकडा पाण्यात बुडेल असा धरला आणि सगळ्यांना म्हटलं, "हिलना मत. देखते रहो." मिनिटभरात कापलेल्या टोकातून पांढरे धागे खाली उतरायला लागले. पाण्यात दुधाची बारीक धार सोडावी तसे. जगेसरची बायको पदर सावरून पुढं वाकली. मी सांगितलं की ही बुरशी नाही, जिवाणू आहेत. ते मुळातून शिरतात आणि झाडाच्या पाणी वाहायच्या नळ्या बुजवतात. ह्यावर फवारा नाही. झाडं मुळासकट उपटून जाळा, ह्या तुकड्यातलं पाणी दुसरीकडे जाऊ देऊ नका, आणि काही वर्षं इथं टोमॅटो, मिरची, वांगी लावू नका.

"बैंगन की जड़ पर टमाटर की कलम मिलती है ना, सर?" मीनानं हळूच विचारलं. मी चकित झालो. जंगली वांग्याच्या मुळावर कलम केलेली टोमॅटोची रोपं हा रोग सोसतात, हे मी सांगणारच होतो. तिनं ते आधीच ऐकलं होतं.

इथं मी थांबायला हवं होतं. पण पाकीट न फोडता परत न्यायचं माझ्या जिवावर आलं. पलीकडे हरभऱ्याच्या वाफ्यात काही रोपं मुळाशी कुजून वाळत होती, आणि ते काम माझ्या बुरशीचं होतं. मी शेणखत मागवलं, टेम्पोतली निळी ताडपत्री अंथरली आणि त्यावर भुकटी ओतून दोन्ही हातांनी कालवायला लागलो. वाऱ्यानं भुकटी उडत होती. मी बोलत होतो, जगेसर ऐकत होता. मी फारच खुशीत होतो.

नीलूनं पैऱ्याच्या ढिगाजवळून हाक मारली, "दादा, ती ताडपत्री आपली आहे ना?"

"झटकून देतो गं!"

आणि मी ती झटकून दिली.

जगेसरकडे जेवलो. भात, पाट्यावर वाटलेली टोमॅटोची चटणी आणि तिवऱ्याच्या, म्हणजे लाखोळीच्या, कोवळ्या शेंड्यांची भाजी. आमच्याकडे बटाट्याचीही भाजीच. इथं भाजी म्हणजे फक्त पाला, आणि पाल्याचे प्रकार किती, हे सांगताना जगेसरच्या बायकोची बोटं पुरेनात. मी तीनदा भात घेतला. परत येताना वाटलं, प्रवास सार्थकी लागला.

गच्ची

त्या संध्याकाळी मीनानं पैरा औषधाच्या पाण्यात भिजत घातला. रात्रभर भिजवायचा, म्हणजे पैऱ्यातले नको ते जंतू मरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उपसून निथळायला गच्चीवर पसरला. मी जिना चढून वर गेलो तर पैऱ्याखाली निळी ताडपत्री.

तिला माझी भुकटी चिकटलेली असेल हे माझ्या मनात आलं, ते मी इथं लपवत नाही. पायरीवरच आलं. पण पुढच्या क्षणी मीच ते बाजूला सारलं. नीलूनं धुतली असेल. ऊन लागलं असेल. आता सांगितलं तर सगळा पैरा फेकावा लागेल, आणि दोघी इतक्या उत्साहात आहेत. मी मूठभर पैरा उचलून पिळून पाहिला. थेंब पडला नाही, नुसता तळवा ओला झाला. "एकदम बराबर," मी मीनाला म्हटलं. "इससे अच्छा कोई नहीं भिगो सकता." ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दिवसभर पिशव्या भरल्या. पैऱ्याचा एक थर, मग कडेनं गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेलं मशरूमचं बी, पुन्हा पैरा. मीनाचे हात शिवणाऱ्या बाईचे, चुकत नसत. तीन पिशव्या तिच्या व्हायच्या तेव्हा माझी एक.

मग काही काम उरलं नाही आणि मी पुन्हा फिरायला लागलो. मावशींना शाल घ्यायला पंडरीला नेलं. एकाला एक चिकटलेली ठोक कापडाची दुकानं, गादीवर बसवून पुढ्यात थप्प्या उलगडणारी माणसं. मावशींनी तासभर भाव केला आणि शाल घेतलीच नाही. मी तोवर चार वेळा बाहेर जाऊन आलो. जुन्या वस्तीतली देवळं पाहिली, तळ्याकाठी बसलो, उठलो. फरे खाल्ले, तांदळाच्या पिठाचे, वाफवून मोहरी-तिळाची फोडणी दिलेले. कुठंच मन ठरेना. त्याचं कारण मी शोधत नव्हतो, इतकंच.

नारळाचा वास

पिशव्या भरल्याच्या पाचव्या सकाळी नीलूनं खोलीचं दार उघडलं आणि म्हणाली, "कुणी नारळ फोडला का?"

मी तिच्या मागं होतो. वास मलाही आला. ओल्या खोबऱ्याचा, गोडसर. ट्रायकोडर्मा जोमात आली की कधीकधी असाच वास देते. प्रयोगशाळेत हा वास आला की आम्ही खूश व्हायचो.

खालच्या ओळीतल्या एका पिशवीच्या तळाशी रुपयाएवढा ठिपका. कडेला पांढरा, मध्ये हिरवा. शेजारच्या पिशवीत दुसरा. मग दिसतच गेले. सात पिशव्या.

"दादा, हे काय आहे?"

मी ओणवा होऊन बघत राहिलो, जणू बघायचं काही शिल्लक होतं. "ओल जास्त झाली असेल," मी म्हटलं. "दोन दिवस बघू."

हे मी म्हटलं. त्याच तासाला त्या पिशव्या ओल्या कापडात गुंडाळून बाहेर काढायला हव्यात, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. हिरवा ठिपका म्हणजे कोट्यवधी बीजाणू. दार उघडलं तरी उडणारे.

तेवढ्यात मीना आली. नीलूचा आवाज कधी चढत नाही, त्या दिवशी चढला. "मीना, पैरा पूरी रात भिगोया था ना?"

"हव दीदी. पूरी रात."

"दवाई?"

"डाली थी."

"नाप के?"

मीना माझ्याकडे बघत होती. मी खिडकीचं गोणपाट सारखं करत होतो.

नीलू म्हणाली, "दूसरी तो कोई वजह दिखती नहीं." मीनानं चप्पल घातली आणि ती निघून गेली.

त्यानंतरचे दोन दिवस मी रायपूर पायी तुडवलं असं म्हटलं तरी चालेल. सकाळी निघायचं, जेवायला यायचं, पुन्हा निघायचं. एकदा ब्राह्मणपाऱ्यापर्यंत गेलो. अरुंद गल्ल्या, दारादारात लावलेल्या दुचाक्या, छोट्या छोट्या दुकानांतून येणारा उदबत्तीचा वास. एका बाईला मीनाचं घर विचारलं. तिनं बोट दाखवलं. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. मी चार घरं अलीकडूनच परत फिरलो.

का सांगत नव्हतो? स्वतःला विचारलं तेव्हा उत्तर लाजिरवाणं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा बहिणीच्या घरी आलो होतो, आणि तिनं सगळ्यांना सांगितलं होतं की दादाला बुरशीतलं सगळं कळतं.

दुसऱ्या संध्याकाळी मावशी अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो, असं बऱ्याच वेळा झालं असावं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "काहून असे चकरा मारून राहिले तुमी?"

"काही नाही."

"काही नाही कसं? ते मीना रडत गेली त्या दिवसापासून तुमी धड जेवले नाही. नीलू पोट्टी भोळी हाय, तिले दिसत नाही. मले दिसते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला.

तिसऱ्या सकाळी हिरव्या पिशव्या तेवीस झाल्या होत्या. नीलू खोलीत खाली बसली होती. मीनाचा निरोप आला होता की तिनं पंडरीच्या दुकानाचं काम परत धरलं आहे.

मी दारात उभं राहूनच सांगितलं. सगळं. पाकीट, शेणखत, ताडपत्री, गच्चीवरची पायरी, नारळाचा वास. सांगायला फार वेळ लागला नाही.

नीलू ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे परवा सकाळी तुला माहीत होतं."

"हो."

"मी मीनाला बोलले तेव्हा तू इथंच उभा होतास."

"हो."

"ताडपत्रीचं मी विसरेन दादा," ती म्हणाली. तिची भाषा एकदम साताऱ्याची झाली होती. "चूक कुणाचीही होते. पण दोन दिवस तू मला बघत राहिलास."

ती रडली असती तर सोपं गेलं असतं. ती उठली आणि कामाला लागली. पहिल्यांदा जुन्या अठरा पांढऱ्या पिशव्या वाचवायच्या. पुरत्या पांढऱ्या झालेल्या पिशवीत हिरवी बुरशी सहसा शिरत नाही, पण खोलीत ठेवणं धोक्याचं. कुठं न्यायच्या? मावशी म्हणाल्या, "माह्या खोलीत ठेव. मले काय, मी हॉलमंदी झोपतो." नीलूनं न्हाऊन, धुतलेले कपडे घालून त्या एकेक करून नेल्या आणि मावशींच्या पलंगाभोवती दोऱ्या बांधून टांगल्या. मला म्हणाली, "तू इकडे फिरकू नकोस. हिरव्या तू काढ."

मी काढल्या. प्रत्येक पिशवी ओल्या फडक्यात गुंडाळायची, हलू न देता मागच्या दारानं बाहेर न्यायची. पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर, मालकाला विचारून, खड्डा खणायला घेतला. जमीन कडक होती. कंबरेत वाकता येईना. मोहनराव कचेरीतून आले, आईच्या खोलीत टांगलेल्या पिशव्या त्यांना दिसल्या असणार, कारण ते थेट प्लॉटवर आले. मी बनियनवर, घामानं निथळत. त्यांना काय सांगावं ह्याची जुळवाजुळव करत होतो. त्यांनी बुशशर्टाच्या बाह्या वर केल्या.

"कुदळ माझ्याकडे द्या, दादा. आप रहने दो."

खोलीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. दोघांनी मिळून खड्डा खणला, पिशव्या टाकल्या, चुना पसरला आणि माती ओढली. उरलेल्या सतरा पिशव्यांतल्याही नऊ दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं गेल्या, आणि वाचलेल्या आठ नीलूनं अंगणात आडोशाला वेगळ्या टांगल्या.

ब्राह्मणपारा

परतीचं तिकीट रद्द केलं आणि मीनाकडे गेलो. ह्या वेळी चार घरं पुढं चालत गेलो.

एका खोलीचं घर. ती मशीनवर होती. मला बघून उठली नाही.

"मीना, गलती मेरी थी," मी म्हटलं.

"मालूम है. दीदी आई थीं सुबह." मशीन चालूच. "माफी माँगीं, रोईं भी."

मी उभाच होतो. तिनं शिवण संपवली, दोरा दातानं तोडला.

"उस दिन मैंने आपकी तरफ देखा था, सर. आपने खुद पैरा हाथ में लेकर देखा था. बोला था, इससे अच्छा कोई नहीं भिगो सकता. मैंने सोचा, सर हैं, सर बोलेंगे."

"हो," मी मराठीतच म्हणालो. "बोलायला हवं होतं."

"दीदी को तो पता नहीं था. आपको पता था."

तिनं दुसरं कापड घेतलं. चहाचं विचारलं नाही, बस म्हटलं नाही, आणि परत येईन असंही म्हटलं नाही. निघताना मी म्हटलं की खोली मी धुतोय, चुना देतोय, आणि पुढच्या पिशव्या कशा वाचवायच्या ते लिहून देतो. ती म्हणाली, "लिख दीजिए." एवढंच.

तीन दिवस मी ती खोली धुतली. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं भिंती, जमीन, दोऱ्यांच्या खुंट्या. वाळल्यावर चुन्याचे दोन हात. ताडपत्री उकळत्या पाण्यात घातली, तरी नीलू म्हणाली, "ती नकोच," आणि ती भंगारवाल्याकडे गेली. माझं उरलेलं पाकीट मी जगेसरकडे पाठवून दिलं. माझा स्वेटर आणि पँट मावशींनी स्वतः बादलीत खदखदा उकळली. स्वेटरचा आकार गेला. संध्याकाळी बसून मी कागदावर लिहिलं: शेतातून आलेलं काहीही, माणूससुद्धा, न धुता खोलीत न्यायचं नाही, निथळायची ताडपत्री वेगळी, दुसऱ्या कशालाही वापरायची नाही, हिरवा ठिपका दिसला तर त्याच क्षणी पिशवी बाहेर, कुणी काही सांगितलं तरी. नीलूनं वाचलं, घडी घातली आणि मीनाला पोचवलं. माझ्याशी ती कामापुरतं बोलत होती. पण त्या रात्रीच्या जेवणात तिनं न विचारता माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली.

चौथ्या सकाळी फाटक वाजलं. मीना. हातात पिशवी, काखेत नवीकोरी पिवळी ताडपत्री. कुणाशी न बोलता मागं गेली, खोलीच्या भिंतीवरून बोट फिरवून पाहिलं, कोपऱ्यात वाकून पाहिलं. मग पिशवीतून कापडावर खुणा करायचा निळा खडू काढला आणि पांढऱ्या धुवट दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'सर अंदर नहीं आएँगे.'

नीलूनं ते वाचलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलेपर्यंत. मावशींनी चष्मा लावून वाचलं. "बरोबर लिवलं," म्हणाल्या. दाताच्या डॉक्टरांचा माणूस त्याच दुपारी चौकशीला आला. मोहनराव त्याला दारातच म्हणाले, "अभी नहीं. अभी वहाँ काम चालू है."

पांढऱ्या पिशव्या परत खोलीत गेल्या, मशरूम बाहेर यायला त्यांच्या प्लास्टिकला चिरा दिल्या, दिवसातून तीनदा पाण्याचा फवारा सुरू झाला. त्यातलं मी काहीच केलं नाही. अंगणात बसून पैरा कापला, मीनानं सांगितला त्या मापाचा, आणि दोनदा मापात चुकलो म्हणून तिनं तो परत पाठवला.

मी निघालो त्या सकाळी रिक्षा फाटकाशी आली होती. बॅग ठेवली, मावशींच्या पाया पडलो. नीलूनं पिशवीत तांदूळ आणि डबाभर सांभारवड्या कोंबल्या. तेवढ्यात मागून मीनाची हाक आली.

"सर!"

मी मागच्या अंगणात गेलो. मीना उंबऱ्याच्या आत उभी होती, दोन्ही हातांत एक पांढरी पिशवी धरून. तिच्या चिरेतून घोस बाहेर आला होता. राखाडी, ओलसर, एकावर एक शिंपले ठेवावेत तसे फुटू. फुटू म्हणजे तिकडे मशरूम. खालची नाजूक दुमड इथूनही दिसत होती. मी नकळत पुढं झालो.

"दूर से," मीना म्हणाली.

मी दोन पावलं मागं आलो, हात पाठीमागं बांधले आणि तिथून पाहिलं. रिक्षावाला हॉर्न देत होता. मीनानं घाई केली नाही. माझं बघून होईपर्यंत ती पिशवी तशीच धरून उभी राहिली.